पाटी मराठी झाली, अक्षराचं काय?

दुकानावरची पाटी मराठीत हवी, याबद्दल माझं दुमत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझ्यावर धावून यायला नको! 2022 साली महाराष्ट्रात कायद्यात दुरुस्ती झाली. पाटी देवनागरीत हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको, असं ठरलं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बदलल्या. छान झालं.

पण मंडळी, कायद्यानं फक्त फूटपट्टी लावली. अक्षर किती इंच, एवढंच पाहिलं. ते अक्षर आहे की नुसता आकार, हे कुणी पाहायचं?

आमच्या डोंबिवलीत एका दुकानावर ‘मिठाई’ लिहिलंय. म्हणजे लिहायचं होतं. पहिली वेलांटी ‘म’च्या अलीकडे असते, ती पलीकडे जाऊन ‘ठ’च्या डोक्यावर बसली आहे. माझा नातू पहिलीत आहे, रिक्षात बसला की पाट्या वाचत सुटतो. त्यानं वाचलं, “मठि...” आणि अडला. “आजी, ‘ठ’ला वेलांटी पण आणि काना पण?” काय उत्तर देणार? शाळेत बाई एक शिकवतात आणि रस्ता भलतंच शिकवतो. शाळा पाच तास, रस्ता चोवीस तास!

हे का होतं तेही समजून घ्या. संगणकात पहिली वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवलेली असते. दाखवताना ती उचलून अलीकडे ठेवायचं काम सॉफ्टवेअरचं. ज्याला देवनागरी कळत नाही असं सॉफ्टवेअर ते करत नाही. जोडाक्षरंही तशीच फुटतात, मधे पाय मोडून लंगडत उभी राहतात. छापणाऱ्याला वाचता येत नाही, छापून घेणारा वाचत नाही. दंड टाळला की झालं!

आता कुणी म्हणेल, “बाई, कळलं ना काय ते? मग बास की.” नाही, बास नाही. अक्षर हे नुसतं कळण्यासाठी नसतं, ते दिसण्यासाठीही असतं. कमल शेडगे 2020 साली गेले. त्यांनी नाटकांच्या जाहिरातींत काढलेली नावं ज्यांनी वर्तमानपत्रात पाहिली असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको. काळ्यापांढऱ्या चौकोनात ना नटाचा फोटो, ना देखावा. नुसत्या अक्षरांच्या वळणावरून कळायचं, की हे नाटक हसवणार आहे की रडवणार. शब्द आणि चित्र अशी वाटणीच तिथे नव्हती, शब्द हेच चित्र होतं. आणि हे कलादालनात नव्हे, चहाच्या कपाशेजारी!

रस्त्यावरचे पेंटरही तेच करत. सलूनच्या पाटीवरचं अक्षर वेगळं, दवाखान्याच्या पाटीवरचं वेगळं. न वाचतासुद्धा दुकान ओळखू यायचं. आता फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भावपूर्ण श्रद्धांजली एकाच अक्षरात! फोटो बघूनही कधी कधी उलगडा होत नाही.

“पेंटर परवडत नाही हो.” ठीक, मान्य. पण चांगल्या अक्षराला आता पैसेही लागत नाहीत. ‘मुक्ता’, ‘बालू’ हे मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले देखणे फाँट फुकट मिळतात. तेव्हा ही गरिबी नव्हे, बेपर्वाई आहे. र. कृ. जोशींनी केलेला ‘मंगल’ संगणकाच्या पडद्यावर बारीक मजकूर नीट वाचता यावा म्हणून होता. तोच ताणून दहा फुटांच्या फलकावर टांगतात, यात जोशींचा काय दोष?

आणखी एक. मराठीत ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा असावा, असं 2009 च्या शासन निर्णयात सांगितलं आहे. मग रस्तोरस्ती दंडाचा ‘ल’ का दिसतो? इंग्रजी पाटीला काळं फासायला निघणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्याच फलकावरचा ‘ल’ पाहिला आहे? भाषेचा अभिमान घोषणेत मावतो, अक्षरात मात्र उतरत नाही.

यावर कुणी म्हणेल, लोकांना पोटाची चिंता आहे आणि बाई वेलांटी घेऊन बसल्यात. पण मी जास्त काही मागतच नाही. पाटीची उंची मोजायला येणाऱ्यानं ती एकदा मोठ्यानं वाचावी. अक्षर फुटलं असेल तर ती पाटी मराठीत धरू नये. बस, एवढंच. फूटपट्टीइतकंच सोपं आहे.

आणि आपल्या गोतावळ्यात कुणी दुकान, क्लास, दवाखाना काढत असेल, तर पाटी छापायला टाकण्याआधी घरातल्या पहिली-दुसरीतल्या मुलाकडून वाचून घ्या. ते अडखळलं, तर पाटी बदला. मुलाला दटावू नका!