पाळीव अजगराची जखम आणि नोंदणी

‘बॉल पायथन’ हा आफ्रिकेतला बिनविषारी अजगर भारतातही हौसेने पाळला जातो. काचेवर किंवा जाळीवर नाक घासून त्याच्या तोंडाला किरकोळ इजा होते. पेटी पुरेशी उबदार व स्वच्छ असेल, तर ती बहुधा भरून येते. ऊब कमी पडली की शीतरक्ती सापाची प्रतिकारशक्ती मंदावते. संसर्ग होऊन हिरड्या सुजतात, पू साठतो, साप खाणे सोडतो. अशा वेळी घरगुती मलम नव्हे, पशुवैद्यच हवा. २०२४च्या नियमांनुसार अशा विदेशी प्राण्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. मात्र नोंदणी टाळणारा मालक कारवाईच्या धास्तीने दवाखानाही टाळू शकतो. म्हणूनच नोंदणी हा सापाच्या उपचारांचाही प्रश्न ठरतो.