आधी गाडी, मग महामार्ग
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील नागरिकांसाठी पत्रक

२०२५ च्या जून महिन्यात राज्य सरकारचे दोन कागद लोकांसमोर आले. पहिला कागद एसटी महामंडळाच्या आर्थिक स्थितीवरच्या श्वेतपत्रिकेचा. संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेला आहे आणि देणी थकली आहेत, अशी कबुली त्यात होती. दुसरा कागद मंत्रिमंडळाच्या निर्णयाचा. पवनार ते पत्रादेवी या ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाची आखणी आणि भूसंपादन यांसाठी २०,७८७ कोटी रुपये मंजूर झाले. एसटीचा आजवर साचलेला सगळा तोटा दोनदा फिटेल एवढी ही रक्कम आहे, आणि तीही फक्त आखणी आणि जमिनीपुरती. रस्त्याचे डांबर त्यात आलेले नाही. लोकांच्या प्रवासासाठी सरकारकडे पैसा नाही, हे म्हणणे यानंतर टिकत नाही. पैसा आहे, पण त्याचा क्रम चुकला आहे. हा क्रम बदलावा, खेड्याच्या एसटीसाठी आधी तरतूद व्हावी आणि नव्या महामार्गांचा विचार त्यानंतर व्हावा, एवढीच या पत्रकाची मागणी आहे.

हिशेब कोणालाही करता येण्यासारखा आहे. २०२४ मध्ये महामंडळाने अशोक लेलँड कंपनीकडे २,१०४ गाड्यांची मागणी नोंदवली, तिची किंमत सुमारे ९८२ कोटी. म्हणजे एक गाडी सत्तेचाळीस लाखांच्या आत. शक्तिपीठाचा एकूण अंदाजित खर्च ८६,३०० कोटी सांगितला जातो, म्हणजे किलोमीटरला १०७ कोटींहून जास्त. एका किलोमीटरच्या पैशात सव्वादोनशेहून अधिक कोऱ्या गाड्या येतात. सातारा विभागात सातारा, कराड, कोरेगाव, फलटण, वाई, पाटण, दहिवडी, वडूज, मेढा, महाबळेश्वर आणि पारगाव-खंडाळा अशी अकरा आगारे आहेत. सांगली विभागात सांगली, मिरज, इस्लामपूर, तासगाव, विटा, जत, आटपाडी, कवठे महांकाळ, शिराळा आणि पलूस अशी दहा. या एकवीस आगारांना प्रत्येकी दहा नव्या गाड्या देऊनही त्या एका किलोमीटरच्या पैशातले काही उरतील. यावर कोणी म्हणेल की रस्ता पिढ्यान् पिढ्या राहतो, गाडी दहा-पंधरा वर्षांत मोडीत निघते, शिवाय तिला डिझेल, टायर आणि चालक-वाहकांचा पगार रोज लागतो. हे म्हणणे रास्त आहे. म्हणूनच इथे तुलना एका किलोमीटरशी केली आहे, आठशे दोनशी नव्हे.

गाड्या कमी झाल्या म्हणजे काय झाले, हे आकड्यांपेक्षा फलाटावर जास्त कळते. कोविडपूर्वी एसटीच्या ताफ्यात अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या. टाळेबंदी गेली, २०२१-२२ चा सहा महिन्यांचा संप गेला, जुन्या गाड्या भंगारात गेल्या आणि ताफा पंधरा हजारांच्या आसपास येऊन थांबला. याच काळात ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला. दोन्ही निर्णय चांगले आहेत आणि लोकांनी ते उचलून धरले. पण सवलत दिली, गाडी दिली नाही. आगारात एखादी गाडी बंद पडली की नियंत्रक आधी खेड्याची फेरी रद्द करतो, कारण पुणे-मुंबईच्या फेरीचे उत्पन्न त्याला सोडवत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्याकडे भारमान आणि उत्पन्न यांचाच जाब मागितला जातो. परिणाम भोगतो तो पाटणच्या मोरगिरी-ढेबेवाडी खोऱ्यातला, जावळीच्या बामणोलीकडचा, माणचा आणि जत पूर्वभागातल्या उमदी-संखचा माणूस. मुक्कामी गाडी बंद झाली की सकाळी तालुक्याला वेळेत पोचायची सोय संपते. मिरजेच्या दवाखान्यात तपासणीला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा सगळा दिवस जातो, वर जीप करायचा खर्च येतो. आणि संध्याकाळची फेरी बेभरवशाची झाली की पहिला बळी मुलीच्या कॉलेजचा जातो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, पण गाडीच आली नाही तर पास घेऊन ती कुठे जाणार? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, ती शिक्षण गरिबाच्या दारापर्यंत नेण्यासाठी. त्याच मुलखात आज गाडीअभावी मुलीचे शिक्षण थांबावे, ही आपल्या सगळ्यांना लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की एसटी तोट्यातला धंदा आहे, तिच्यात पैसा ओतणे म्हणजे भगदाड पडलेल्या रांजणात पाणी भरणे. हे भगदाड कोणी पाडले, ते आधी पाहू. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने महामंडळावर दोन जबाबदाऱ्या टाकल्या: लोकांना पुरेशी आणि कार्यक्षम सेवा द्यायची आणि कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवायचा. या दोन्ही गोष्टी एकत्र जमाव्यात म्हणून भांडवल सरकारांनी पुरवावे, अशी सोयही त्याच कायद्यात आहे. प्रत्यक्षात सेवेचा आदेश कायम राहिला आणि भांडवलाचा ओघ आटला. उलट एसटीच्या भाड्यावर राज्य साडेसतरा टक्के प्रवासी कर घेते, डिझेलवर कर घेते, आणि आनेवाडी-तासवडे नाक्यांवर लाल गाडीलाही टोल भरावा लागतो. मार्च २०२३ च्या ज्या अर्थसंकल्पात महिलांना अर्धे तिकीट जाहीर झाले, त्याच अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडमधल्या विमान इंधनावरचा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला. विमानाने जाणाऱ्याचा भार हलका करता येतो, तर वडूजच्या गाडीत उभ्याने जाणाऱ्या मजुराचा का नाही? सवलतींची भरपाई सरकार एसटीला देते, पण ते उपकार नव्हेत. सरकारने जे फुकट वाटले, त्याचे ते बिल आहे. शाळेचा किंवा दवाखान्याचा नफा-तोटा कोणी काढत नाही. गावाला बारमाही जोडणारी गाडी त्याच पंगतीतली आहे.

शेजारी पाहावे. मिरज आणि जतच्या स्थानकांवर कर्नाटकाच्या गाड्या रोज उभ्या असतात, त्यामुळे सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकाची लोकसंख्या ६.११ कोटी होती, महाराष्ट्राची ११.२४ कोटी. तरी बेंगळुरू शहराच्या बसगाड्या बाजूला ठेवूनही कर्नाटकाच्या उरलेल्या तीन महामंडळांचा ताफा आपल्या एसटीपेक्षा मोठा भरतो. ७.२१ कोटींच्या तमिळनाडूत सरकारी गाड्या वीस हजारांच्या घरात आहेत. या राज्यांची एकूण अर्थव्यवस्था आपल्याएवढी मोठी नाही आणि त्यांची महामंडळेही नफ्यात लोळत नाहीत. गाडी हा राज्याच्या खर्चाचा विषय आहे, एवढे मात्र त्यांनी मान्य केले आहे.

महामार्ग आला की विकास येतो, हा दुसरा आक्षेप. रस्ता नकोच असे इथे कोणी म्हणत नाही. पण रत्नागिरी-कोल्हापूर-मिरज-सोलापूरमार्गे नागपूरपर्यंत रुंद राष्ट्रीय महामार्ग आताच बराचसा झाला आहे, त्याची पूर्ण क्षमता वापरलीही गेलेली नाही. त्याच दिशेने दुसरा रस्ता कशासाठी, याचे पटणारे उत्तर आजवर मिळालेले नाही. प्रवेशनियंत्रित महामार्गावर खेड्याच्या फाट्याला थांबा नसतो. ज्याच्या शेतातून तो जातो, त्यालाच त्यावर चढायला दूरच्या इंटरचेंजला जावे लागते. आणि जमीन कोणती जाते? ज्या आखणीला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, तिच्यात कवठे महांकाळ, तासगाव आणि मिरज तालुक्यांतली शेती आहे. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ योजनांचे पाणी या भागात पोचायला दशके लागली. पाणी आले, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि त्याच बागांवर या आखणीची रेघ पडली. आखणी पुन्हा बदलून दुसऱ्या गावांवरून नेली, तरी हा प्रश्न सुटत नाही, फक्त गाव बदलते. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. तो खेड्यांना किती उपयोगी पडला, हे आधी तपासावे आणि मगच पुढच्या कर्जावर सही करावी.

आता घरोघरी दुचाकी आहे, फाट्यावर वडापची जीप मिळते, मग एसटी कशाला, असेही विचारले जाते. दुचाकी घरात असली तरी ती बहुतेक घरांत कर्त्या पुरुषाकडे असते; आई, सासू, शाळकरी मुलगी यांच्या वाट्याला ती येत नाही. शिवाय अनेक घरांनी ती हौसेने घेतलेली नाही, गाडी येत नाही म्हणून हप्त्यावर घेतली आहे. हा एक खासगी करच म्हणायचा. वडापवाल्या पोरांशी आमचे भांडण नाही. नोकऱ्या नसलेल्या गावात त्यांनी पोट भरायचा मार्ग काढला. पण वडाप भरल्याशिवाय हलत नाही, पास मानत नाही, म्हाताऱ्याला मोफत नेत नाही आणि रात्रीच्या शेवटच्या चार प्रवाशांसाठी घाट चढत नाही. या मुलांना वाडी ते फाटा असे ठरलेले मार्ग, परवाने आणि विमा द्यावा, आणि फाट्यावर त्यांची वेळ एसटीशी जोडावी. दोघांचेही पोट त्यात भरते.

एक आक्षेप मात्र आम्ही पूर्णपणे मान्य करतो: पैसा दिला की तो मुरतो. ५,१५० विद्युत गाड्या भाड्याने घेण्याचा मोठा करार झाला आणि मे २०२५ पर्यंत त्यांतल्या फारच थोड्या रस्त्यावर आल्या. १,३१० गाड्यांची भाडेनिविदा खुद्द मुख्यमंत्र्यांना थांबवावी लागली. म्हणून गाड्या महामंडळाच्या मालकीच्या हव्यात, आणि कुठल्या आगाराला किती गाड्या मिळाल्या, किती फेऱ्या ठरल्या आणि किती रद्द झाल्या, याचा हिशेब दर महिन्याला त्या स्थानकाच्या फलकावर लागला पाहिजे. आपल्या गावची फेरी का रद्द झाली, हे ग्रामसभेला कळलेच पाहिजे.

आधी रोजच्या प्रवाशाची गाडी, हाच नियम रेल्वेबाबतही लावावा. पुणे-मिरज मार्गाचे विद्युतीकरण झाले, दुहेरीकरणावर हजारो कोटी खर्ची पडले. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-कोल्हापूर वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस धावते. मुंबईला जाणारी सह्याद्री एक्सप्रेस कोविडमध्ये थांबली, ती परत आली तेव्हा पुण्यापर्यंतच. नवा रूळ सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली यांमधल्या रोजच्या सवारी गाड्यांना आधी मिळावा. साताऱ्याचे रेल्वे स्थानक माहुलीला, कराडचे ओगलेवाडीला. गाडीच्या वेळेला जोडून तिथे एसटी असलीच पाहिजे.

नागरिकहो, येत्या ग्रामसभेत चार ठराव मांडा. एसटीच्या भाड्यावरचा प्रवासी कर रद्द करा. दरवर्षी नव्या गाड्यांसाठी भांडवल अर्थसंकल्पात वेगळे दाखवा. आगाराचा हिशेब फलकावर लावा. आणि या तिन्ही गोष्टी होईपर्यंत शक्तिपीठाचे भूसंपादन थांबवा. ठरावाची प्रत आमदार, खासदार आणि विभाग नियंत्रक यांना पाठवा, पोच घ्या, आणि मत मागायला जो दारात येईल त्याला आधी ही पोच दाखवा.