पिशवीचं काय काम?

एखादा अवयव निरुपयोगी आहे असं जो डॉक्टर छातीठोकपणे सांगतो, त्याच्या हातात मी सुरी देणार नाही. मी मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवते. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये दरवर्षी नवी बॅच उभी राहते आणि पहिल्या काही आठवड्यांतच कुणीतरी विचारतं, "मॅडम, हे कशाला असतं?" अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने हा प्रश्न विचारावा, विचारलाच पाहिजे. पुढे त्याच्या नावापुढे पदवी लागते आणि पेशंटसमोर तो हाच प्रश्न उत्तर म्हणून फेकतो: "हे काय कामाचं? काढून टाकू." तिथे माझा संताप सुरू होतो.

या वृत्तीला जुना इतिहास आहे. १८९३ साली रॉबर्ट वीडर्सहाइम या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने माणसाच्या शरीरातल्या, पूर्णपणे किंवा काही अंशी काम गमावलेल्या ८६ अवयवांची यादी दिली. तिच्यात आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) होतं, माकडहाड होतं, तशी थायमस ग्रंथी होती आणि पिट्युटरीसुद्धा होती. पिट्युटरीशिवाय माणसाची वाढ होत नाही, पाळी येत नाही, आईला दूध येत नाही. निदान वीडर्सहाइमने "काही अंशी" हे शब्द तरी घातले होते. त्याच्यामागून आलेल्यांनी ते गाळले आणि फक्त यादी मिरवली. डार्विनची तर सरळ बदनामी केली. अवयवाचं मूळ काम सुटलं तरी तो दुसऱ्या कामासाठी टिकून राहू शकतो, हे त्याने १८५९ च्या ग्रंथातच मांडलं होतं. अवशेष म्हणजे टाकाऊ हा शोध त्याचा नाही, घाईत वाचणाऱ्यांचा आहे.

थायमसची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते आणि सांगताना माझा आवाज चढतो. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला ही ग्रंथी असते. लहान मुलात ती मोठी असते, वयाबरोबर आक्रसत जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अचानक दगावलेल्या तान्ह्या बाळांच्या छातीत डॉक्टरांना ती 'वाढलेली' दिसू लागली. वाढलेली कशाच्या तुलनेत? शरीररचनेच्या टेबलावर पिढ्यान् पिढ्या येणारी प्रेतं गरिबांची होती. दीर्घ आजार आणि उपासमार यांनी थायमस सुकतो. ती सुकलेली ग्रंथी पाहून पुस्तकांनी ठरवलं की हाच तिचा नेहमीचा आकार. मग धडधाकट बाळाची धडधाकट ग्रंथी रोगी ठरली. ती श्वासनलिका दाबते असं सांगून अमेरिकेत हजारो बाळांच्या मानेवर आणि छातीवर क्ष-किरण सोडले गेले. ही ग्रंथी नाही तरी चालेल, असाच सगळ्यांचा समज होता. १९५० साली थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांचे पूर्वेतिहास तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांना तान्हेपणी हेच क्ष-किरण दिले गेले होते असं उघड झालं.

थायमस काय करतो, हे कळायला १९६१ साल उजाडावं लागलं. लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांचा थायमस काढला आणि ते उंदीर साध्या जंतुसंसर्गांनी मरू लागले. शरीराचं सैन्य जिथे तयार होतं, ती ही जागा. यावर "बरं, पण मोठ्या माणसात तर काही उपयोग नाही ना?" हा शहाजोगपणा चालूच राहिला. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाट मोकळी करायला ही ग्रंथी बेधडक काढली जाते. २०२३ साली बॉस्टनमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, थायमस काढलेल्या प्रौढांपैकी ८.१ टक्के ५ वर्षांत दगावले होते. तशीच छातीची शस्त्रक्रिया झालेल्या पण थायमस शाबूत असलेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होतं. कारण आणि परिणाम यांची शंभर टक्के सांगड अशा अभ्यासाने लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण एवढे आकडे समोर असताना "उपयोग नाही" म्हणण्याचा अधिकार कुणालाच उरत नाही.

निरुपयोगी ठरवण्याची ही घाई थायमसपुरती नव्हती. लंडनच्या सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी काढली, कारण मोठं आतडं म्हणजे शरीरात विष साठवणारी अडगळ असं त्यांचं मत होतं. अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी वेडावर इलाज म्हणून दात, टॉन्सिल आणि आतडी काढण्याचा सपाटा लावला. कित्येक रुग्ण मेले. हे दोघे वैदू-भोंदू नव्हते. मोठ्या पदांवर बसलेले, मानमरातब मिळवलेले डॉक्टर होते.

याचा अर्थ प्रत्येक अवयव जपूनच ठेवावा, असं मी म्हणत नाही. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा, मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध कातडीखाली दोरीसारखा कंडरा उठून दिसेल. हा पामारिस लाँगस. पाठ्यपुस्तकांच्या हिशोबाने साधारण १५ टक्के लोकांना तो नसतोच, आणि त्यांच्या पकडीत म्हणावा असा फरक पडत नाही. म्हणून हाताच्या शस्त्रक्रियेत सर्जन हाच कंडरा काढून बोटाच्या तुटलेल्या कंडराच्या जागी जोडतात. हे काढणं मला मान्य आहे. तो नसलेली माणसं आधी तपासली गेली, नुकसान होत नाही याची खात्री झाली, आणि काढलेला कंडरा त्याच पेशंटच्या कामी आला. सुजलेलं अपेंडिक्स बहुतेक वेळा काढावं लागतं, त्यात घोळ घातला तर जीव जातो. आमची दहावीची पुस्तकं अपेंडिक्सला अवशेषांग म्हणून मोकळी होतात. त्यात रोगप्रतिकाराच्या पेशी खच्चून भरलेल्या असतात, हे मुलांना बारावीनंतर माझ्या वर्गात आल्यावर कळतं, तेही मेडिकलला आली तर.

दुसऱ्या बाजूला शरीराला देवाची अचूक कारागिरी म्हणणारी मंडळी आहेत. त्यांना मी एक नस दाखवते. स्वरयंत्राला आज्ञा देणारी ही नस मेंदूकडून निघणाऱ्या व्हेगस या मोठ्या नसेची फांदी. स्वरयंत्र गळ्यात, तेव्हा ती गळ्यातच फुटायला हवी. डाव्या बाजूला ती थेट छातीत उतरल्यावर फुटते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून पुन्हा वर गळ्यात येते. जिराफात हाच वळसा कित्येक मीटरचा होतो. माशाच्या शरीरात हा रस्ता सरळ असतो, कारण तिथे हृदय कल्ल्यांच्या जवळ असतं. आपल्या गर्भातही हृदय सुरुवातीला मानेपाशीच असतं. ते खाली सरकताना नसेला सोबत ओढत नेतं. कुणी विचारपूर्वक आखलं असतं तर असं आखलं नसतं.

हे ज्याला ठाऊक आहे तो डॉक्टर जीव वाचवतो. तीन आठवडे आवाज बसलेला माणूस समोर आला, तर तो घशाच्या गोळ्या देऊन पाठवणी करत नाही, छातीचा फोटो काढायला लावतो. कारण फुफ्फुसातली गाठ त्या कमानीपाशी नसेला दाबत असू शकते. शरीराचा इतिहास शिकायचा तो यासाठी. आणि नेमका तोच इतिहास, म्हणजे उत्क्रांतीचा भाग, केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून वगळला गेला. २०२३ साली १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी सह्या करून निषेध केला. मला तो निर्णय अक्षम्य वाटतो.

अचूकपणाच्या या भक्तीची किंमत बाईने मोजलेली आहे. दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्याचं ओटीपोट आणि मोठ्या मेंदूच्या बाळाचं डोकं यांचा मेळ जेमतेम बसतो. बाळाला त्या वाटेत डोकं वळवून बाहेर यावं लागतं. थोडं चुकलं तर बाळ अडतं, कळा देऊन देऊन आई थकते, वेळेवर मदत मिळाली नाही तर दोघंही जातात. मूत्राशयाला भोक पडून आयुष्यभर लघवी गळत राहणाऱ्या बाया याच अडलेल्या बाळंतपणातून येतात. ही अडचण का निर्माण झाली, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. अडचण आहे, यावर वाद नाही. आणि आपल्या घरांत काय ऐकवलं जातं? "पूर्वीच्या बायका शेतात बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी कामाला लागायच्या. हल्लीच्या पोरींना सोसवत नाही." पूर्वीच्या किती बायका त्या शेतात मेल्या, हे या सासवांना आणि काकांना कुणी विचारत नाही. शरीर निर्दोष मानलं की दोष बाईच्या माथी मारणं सोपं जातं.

आता बीड.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे जवळजवळ १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशाची सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगटांचा फरक धरला तरी हे आकडे एका शरीराच्या व्यवहारातले वाटत नाहीत.

हे कसं घडतं, ते या भागात काम करणारी माणसं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच अंगावर. पाळीत एक दिवस बसलं की खाडा, आणि खाड्याचा दंड. फडावर संडास नाही, पाणी नाही, कापड बदलायला आडोसा नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं. हा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो. पण बाई दवाखान्यात जाते आणि ऐकून येते, "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल. लेकरं झाली ना? मग आता पिशवीचं काय काम?" कर्ज काढून ऑपरेशन होतं आणि त्याच कर्जासाठी ती पुन्हा फडावर उभी राहते.

पिशवीचं काय काम, ते मी सांगते. गर्भाशयाच्या रक्तवाहिनीची फांदी अंडाशयापर्यंत जाते. पिशवी काढली तर अंडाशय शाबूत ठेवूनही त्यांचं काम मुदतीआधी थांबू शकतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. पिशवीला धरून ठेवणारे बंध कापल्यावर योनीचा वरचा भाग खाली उतरण्याची शक्यता असते. आणि ही बाई खुर्चीत बसून काम करत नाही. डोक्यावर उसाची मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढते, दिवसातून कितीतरी वेळा. तिची हाडं आणि तिचा ओटीपोटाचा तळ हेच तिचं भांडवल. डॉक्टरने नेमकं तेच पोखरलं आणि वर पैसे घेतले.

थायमसच्या वेळी गरिबाच्या सुकलेल्या देहावरून श्रीमंताच्या बाळाचं निदान चुकलं. इथे निदान चुकलं असंसुद्धा म्हणता येत नाही. कापणाऱ्याने तेच पाठ्यपुस्तक वाचलेलं असतं जे मी शिकवते, परीक्षेत गर्भाशयाचा रक्तपुरवठा नीट लिहून मार्क मिळवलेले असतात. त्याला सगळं माहीत असतं. माझ्या व्यवसायाने या माणसांना वाचवलं, पाठीशी घातलं, "पेशंटनेच मागितलं" ही ढाल पुरवली. दंड चुकवायला पिशवी काढून मागणाऱ्या बाईला आडोसा, पाणी आणि सुट्टी द्यायची असते. सुरी द्यायची नसते.

बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगढमधल्या अशाच शस्त्रक्रियांवर दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. चांगलं झालं. पण परवानगीचा कागद ऑपरेशनच्या आधीचा आहे आणि आधीचे कागद कसे तयार होतात हे आपण सगळे जाणतो. मला नंतरचा कागद हवा आहे. काढलेलं प्रत्येक गर्भाशय पॅथॉलॉजीकडे गेलं पाहिजे. अहवाल त्या बाईच्या हातात, मराठीत, वाचून दाखवून दिला पाहिजे, आणि एक प्रत जिल्ह्याच्या नोंदीत गेली पाहिजे. ज्या डॉक्टरने काढलेल्या पिशव्या मागोमाग निरोगी निघतील, त्याला बोलावून प्रत्येकीचं कारण लेखी मागा. ते देता आलं नाही, तर त्याचा परवाना रद्द करा.