विज्ञान कळावे मायबोलीत

बिदरी कामात जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदीची नक्षी जडवतात. मग बिदरच्या किल्ल्यातील माती नवसागर घालून चोळली की धातू काळा पडतो, चांदी मात्र लखलखत राहते. असे का? बिदरजवळ नौबादच्या बहामनीकालीन भुयारी कालव्यातून पाणी मोटेवाचून, निव्वळ उताराने वाहत येई. ते कसे? औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदच्या मराठी शाळांतील सहावी-सातवीच्या मुलांना हे प्रश्न पडले पाहिजेत. आणि प्रश्न पडतो तो मायबोलीतच.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्यास सांगते. सोय म्हणजे दारावरची मराठी पाटी नव्हे. विज्ञानाचे मराठी पुस्तक शाळा उघडताच हाती हवे आणि ते मराठीतून, प्रयोग करून समजावणारा शिक्षक हवा. कन्नड ही राज्यभाषा. ती मुलांनी अवश्य शिकावी. त्यासाठी विज्ञानाची घोकंपट्टी कशाला? पाठ केलेली व्याख्या परीक्षेपुरती टिकते, उमगलेले कारण जन्मभर पुरते. गावोगावच्या पालकांनी शाळा समितीच्या पुढील बैठकीत हीच मागणी लेखी मांडावी.