अकरावीला लातूर की हैदराबाद? फी भरण्याआधी कोट्याचा नियम पाहा

दहावीचा निकाल लागला की नांदेड-लातूरच्या घरांत चर्चा सुरू होते, पोरगं इथंच ठेवायचं की कोटा, हैदराबादला पाठवायचं? क्लास, होस्टेल, खर्च सगळं निघतं. बारावी कोणत्या राज्यातली असेल, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

सरकारी मेडिकल कॉलेजांत एमबीबीएसच्या 85 टक्के जागा राज्य कोट्यात, 15 टक्के अखिल भारतीय कोट्यात असतात. राज्य कोट्यासाठी नुसतं डोमिसाईल पुरत नाही. काही अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागते. म्हणजे बारावी तेलंगणातून केलेल्या लातूरच्या मुलाला घराजवळच्या सरकारी कॉलेजातही देशभराशी स्पर्धा करून 15 टक्क्यांतच जागा शोधावी लागते. इंजिनीअरिंगला नियम बराच सैल आहे.

2020 मध्ये 70:30 प्रादेशिक कोटा रद्द झाला. त्यासाठी मराठवाड्याने वर्षानुवर्षं ओरड केली होती, कारण इथं कॉलेजं कमी. राज्यभरातल्या जागा आता कुठे खुल्या झाल्यात आणि परराज्यातल्या बारावीमुळे त्यावरच पाणी सोडायचं?

‘क्लास कोट्यात, नाव गावच्या कॉलेजात’ ही पळवाट सर्रास चालते, पण हजेरी तपासली गेली तर बारावीची परीक्षाच अडचणीत येते. क्लासची फी भरण्याआधी सीईटी सेलची नीट-यूजी माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं पान वाचा.