जमली रे जमली, जुडी!

फ्रिजचा खालचा ट्रे उघडला की काळपट, चिकट, वास मारणारी पिशवी हाती येते? वेलकम टू द क्लब! एकटी राहायला लागल्यापासून मी दर शनिवारी कोथिंबिरीची जुडी आणायचे आणि बुधवारी ती कचऱ्यात टाकायचे. मग एकदा आई राहायला आली. पिशवी बघून ओरडली नाही. म्हणाली, ''अगं, ओलीच ठेवतेस होय?''

सगळा फंडा इथेच आहे, मंडळी! पाणी देठांना हवं, पानांना नको.

सुरुवात बाजारापासून. दादर स्टेशनबाहेर भाजीवाल्या मावशी जुडीवर सतत पाणी मारतात, त्यामुळे ती टवटवीत दिसते. तेव्हा दिसण्यावर जाऊ नका. बांधलेल्या जागी बोटं घालून बघा. आत चिकट लागली, की पुढच्या टोपलीकडे चला. फुलं आलेली जुडी जून, तीही नको. मुळांसकट मिळाली तर सोडू नका.

घरी आल्यावर लगेच धुऊ नका. दोरा सोडा, पिवळी पानं काढा आणि जुडी सुती पंच्यावर पसरून पंख्याखाली कोरडी करा. मग कोरड्या कपड्यात गुंडाळून डब्यात घाला आणि डबा फ्रिजमध्ये. कपडा ओलसर झाला की बदला. मुळं असतील तर आणखी सोप्पं! ग्लासात थोडं पाणी, त्यात मुळं, वरून सैल पिशवी. पाणी दिवसाआड बदला. धुवायची ती वापरताना, लागेल तेवढीच. आणि सफरचंदं शेजारी ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पानं लवकर पिवळी पडतात.

आता वापराचं. ताजी पानं पोह्यांवर, कोशिंबिरीत. कोवळे देठ फेकाल तर खबरदार! चटणीची आणि हिरव्या वाटणाची खरी चव त्यांच्यातच. तरीही अर्धी जुडी उरली? धुऊन, निथळून, बारीक चिरा. बेसन, तीळ, तिखट, हळद, मीठ घालून घट्ट मळा, वळकटी करून 15-20 मिनिटं वाफवा. गार झाल्यावर कापून तव्यावर खरपूस परता. कोथिंबीर वडी तय्यार!

परवा आईचा फोन आला. विचारलंन, ''काय गं, टिकली का?'' म्हटलं, ''शुक्रवारपर्यंत!'' लगेच पुढचा प्रश्न, ''मग वडी माझ्यासाठी ठेवलीस का?''

नव्हती ठेवली. या शनिवारी दोन जुड्या घेतेय.