म्हातारी बाई कुणाच्या यादीत?

आमच्या सल्ला केंद्रात दर गुरुवारी बायका आपली गाऱ्हाणी घेऊन येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी तिशीतली एक बाई आली. नवरा मारत होता आणि सासऱ्यांनी 'घर माझ्या नावावर आहे, चालती हो' असं सुनावलं होतं. आम्ही तिची हकीकत लिहून घेतली आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज तयार केला. राहत्या घरातून तिला काढू नये, ही त्यातली मुख्य मागणी. आमच्या दृष्टीने ही नेहमीचीच केस होती.

पंधरा-वीस दिवसांनी कळलं की त्याच घराबद्दल प्रांताधिकाऱ्यांकडे आणखी एक अर्ज पडला आहे. तो ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली होता. मुलगा आणि सून छळतात, त्यांना घराबाहेर काढा, अशी मागणी. अर्ज लिहून दिला होता तिथल्या ज्येष्ठ नागरिक संघाने. खाली सासऱ्यांची सही आणि सासूबाईंचा अंगठा.

एका घरावर दोन संघटना, हातात दोन कायदे, आणि दोघांनाही खात्री की अन्याय झालेल्याच्या बाजूने आपणच उभे आहोत. संघातले लोक आम्हाला 'घरं मोडणाऱ्या बाया' म्हणत. आम्हीही त्यांना 'रिकामटेकडे पेन्शनर' म्हणून मोकळ्या होत होतो.

त्या सासूबाईंशी मात्र एकटीशी कुणीच बोललं नव्हतं. संघातल्या एका निवृत्त शिक्षिकेला हे खटकलं. त्या आपणहून आमच्याकडे आल्या. मग आम्ही दोघी मिळून, सासरे घरी नसताना, सासूबाईंना भेटायला गेलो. अंगठा कशावर दिला हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या म्हणाल्या, "सुनेला काढलं तर मला भाकर कोण देईल? समज द्यायची तर पोराला द्या. हा तिला मारतो तसंच ह्यांनी मला मारलं. तेव्हा विचारायला कुणी आलं नाही." तुम्हाला स्वतःला काय हवं, असं विचारल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "औषधाला लागतात तेवढे पैसे माझ्या हातात पाहिजेत. मागायला लागू नयेत."

ही मागणी आमच्या अर्जात नव्हती आणि संघाच्या अर्जातही नव्हती. पुढे दोन्ही अर्ज समोर ठेवून बैठक झाली. सुनेचं घरात राहणं टिकलं. मुलाने आईच्या हातात दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, असं लिहून घेतलं. मारहाण खरंच थांबली की फक्त आतल्या खोलीत गेली, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यामुळे ही यशोगाथा म्हणून सांगत नाही. दोन संघटनांच्या मध्ये ती म्हातारी बाई कशी निसटत होती, तेवढं दाखवायला सांगते आहे.

आधी आपल्याकडेच बघू. १९८० च्या दशकात हुंडाबळींच्या विरोधात आपण रस्त्यावर उतरलो. १९८३ साली ४९८-अ कलम आलं. ते गरजेचंच होतं आणि त्यातलं काही मागे घ्यावं असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या काळात म्हातारी बाई आपल्याला भेटली ती बहुतेक वेळा आरोपी म्हणून. पोस्टरवर, पथनाट्यात, फिर्यादीत ती 'सासू' होती. ही सासू म्हणजे कालची सूनच, पुरुषांच्या घरात तिला थोडीफार सत्ता मिळते ती मुलाच्या लग्नानंतर, हे आपण शिबिरांतून सांगत आलो. पण सत्ता गेल्यावर, नवरा गेल्यावर, हातपाय थकल्यावर तिचं काय होतं, हा प्रश्न आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर फारसा आलाच नाही. २००५ चा कायदा फक्त बायकोसाठी नाही. घरात राहणारी आई मुलाविरुद्ध त्याचा आधार घेऊ शकते. आमच्या केंद्राच्या रजिस्टरात अशा केसेस मी मोजल्या, त्या एका हाताच्या बोटांवर मावल्या. मुलं आईला त्रास देत नाहीत, असा याचा अर्थ नाही. आमच्या दाराशी यायचं हे त्या बायकांना कधी वाटलंच नाही, असा आहे. आणि १९८३ साली जी पंचविशीत होती ती मैत्रीण आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. हा प्रश्न आता 'त्यांचा' राहिलेला नाही.

आता ज्येष्ठ नागरिक संघांकडे बघू. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरची माणसं १० कोटींहून जास्त होती आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. पण संघाच्या कार्यकारिणीत बसतात ते बहुतेक निवृत्त पुरुष. रेल्वेभाड्यातली २०२० साली बंद झालेली सवलत, ठेवींवरचं व्याज, बसायला विरंगुळा केंद्र, या त्यांच्या मागण्या. मागण्या रास्त आहेत. पण जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बाईला निवृत्तीच नसते. पेन्शन नाही, ठेव नाही, म्हणून व्याजही नाही. कुठून कुठे प्रवास करायला तिला सवड मिळते? संघाच्या कार्यक्रमात ती असते ती भजनाला आणि चहाच्या पातेल्यापाशी. १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला शाल-श्रीफळ मिळतं ते तिच्या नवऱ्याला.

सरकारच्या यादीत तरी ती कुठे आहे? महाराष्ट्रात २०२४ साली 'लाडकी बहीण' योजना आली. २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १५०० रुपये, अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं. ६५ संपली की बाई 'बहीण' राहत नाही. मग तिने 'श्रावणबाळ' योजनेकडे जायचं. तिथेही १५०० च रुपये, पण त्या वेळी तिथली उत्पन्नाची मर्यादा होती वर्षाला २१ हजार! म्हणजे चौसष्टाव्या वर्षी जी गरजू असते तीच सहासष्टाव्या वर्षी, अंगातलं बळ सरल्यावर, सरकारच्या हिशेबाने सुखवस्तू होते. केंद्राचं तर विचारूच नका. ऐंशीच्या आतल्या निराधारासाठी केंद्राचा वाटा २००७ साली महिना २०० रुपये होता, २०२५ सालीही तो २०० च होता. योजनांची नावंही बघा. एकीत बाई कुणाची तरी बहीण, दुसरीत कावड वाहणाऱ्या मुलाचं नाव. राबून थकलेली नागरिक म्हणून तिला काही मिळतं, असं एकही नाव सांगत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की स्त्री-संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ आणि असंघटित कष्टकऱ्यांच्या संघटना यांनी या प्रश्नावर एकत्र बसलंच पाहिजे. एकत्र येऊन काय होतं, याचं उदाहरण आपल्यासमोर आहे. २०१२ साली बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषद उभी राहिली. हमाल, शेतमजूर, घरकामगार अशा अनेकांच्या संघटना तिच्यात एकत्र आल्या. कुणाची दया नको, किमान वेतनाच्या निम्मी रक्कम पेन्शन म्हणून हक्काने द्या, ही मागणी त्यांनी दिल्लीत जंतरमंतरवर मांडली. बाईचं शरीर कष्टाने आणि बाळंतपणांनी लवकर थकतं म्हणून तिला पुरुषापेक्षा कमी वयात पेन्शन मिळावी, हेही त्या मागणीत होतं. एकट्या ज्येष्ठ नागरिक संघाला हे सुचलं असतं का? आणि एकट्या आपल्याला तरी? मागणी पुरी झालेली नाही, पण वृद्धापकाळाकडे श्रमाच्या नजरेने बघायला तिने शिकवलं.

कायद्यानेही संस्थांसाठी दार उघडं ठेवलं आहे. २००७ च्या कायद्याखाली म्हाताऱ्या माणसाला स्वतः अर्ज करणं जमत नसेल तर त्याच्या वतीने नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. समेट घडवायची जबाबदारीही संस्थेच्या प्रतिनिधीकडे देता येते. पण हेच दार निष्काळजीपणाने वापरलं तर काय होतं, ते आपण वर पाहिलं. सुनेला बाहेर काढण्यासाठी या कायद्याचा इतका वापर होऊ लागला की डिसेंबर २०२० मध्ये बंगळूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं की दोन्ही कायद्यांचा मेळ घालूनच निर्णय झाला पाहिजे. ज्येष्ठांच्या कायद्याचा झटपट मार्ग धरून सुनेचा निवाऱ्याचा हक्क बुडवता येणार नाही. न्यायालयाने मेळ घालायला सांगितलं. तो मेळ गावपातळीवर घालणार कोण? अर्ज लिहून देणाऱ्यांनीच ना?

एकत्र काम म्हणजे वर्षातून एकदा एकाच मांडवात भाषणं नव्हेत. मला चार साध्या गोष्टी सुचतात. एक, घराबाबतचा कुठलाही अर्ज लिहिण्याआधी त्या घरातल्या प्रत्येक बाईशी, सासू असो की सून, एकटीशी बोलायचं. अंगठा घेण्याआधी कागद वाचून दाखवायचा. दोन, आठवड्यातून एक दिवस दोन्ही संघटनांनी मिळून सल्ला केंद्र चालवायचं. तीन, तलाठ्याच्या उत्पन्न दाखल्यापासून तहसील कचेरीपर्यंतच्या खेपा वाटून घ्यायच्या. संघातल्या निवृत्त कारकुनाला कचेरीची भाषा कळते, आपल्या कार्यकर्तीला बाईची कळते. दोन्हींची गरज आहे. चार, उत्पन्नाची जाचक अट काढा आणि पेन्शन महागाईशी जोडा, ही मागणी सगळ्यांनी एका निवेदनात करायची.

हे सोपं नाही, हेही सांगते. बॅनरवर कुणाचं नाव आधी, यावरून आमची पहिली बैठक मोडता मोडता राहिली. त्याहून खोल मतभेद आहे तो सेवेबद्दलचा. संघातल्या बऱ्याच जणांना वाटतं की म्हातारपणी सेवा करणं हे सुनेचं कर्तव्य आणि ती नोकरी करते म्हणून म्हाताऱ्यांचे हाल होतात. तिथे आपण मान डोलवायची नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं सगळं काढणारी सून आणि कधीच न उठणारा मुलगा, हे चित्र आपण त्यांच्यासमोर ठेवायलाच हवं. सेवा लागते, ती कष्टाची असते, ती मुलानेही केली पाहिजे आणि तिची जबाबदारी सरकारनेही उचलली पाहिजे. पण आपल्यालाही त्यांचं ऐकावं लागेल. 'सासू-सासरे नकोत' असं म्हणत आलेल्या प्रत्येक सुनेच्या म्हणण्यात स्वातंत्र्यच असतं असं नाही. कधी कधी त्यात एका म्हाताऱ्या बाईची भाकर तुटत असते. हे कबूल केल्याने आपली बाजू लंगडी पडत नाही.

त्या निवृत्त शिक्षिका आता आमच्याकडे दर गुरुवारी येतात. परवा त्यांनी रजिस्टरात एक नवा रकाना आखला: 'घरातली वयस्क बाई, तिच्याशी कोण बोललं, केव्हा.' पहिली काही पानं कोरीच राहिली, कारण आम्हाला सवय नव्हती. आता भरतो आहोत.

तुमच्या गावात, वस्तीत असा प्रयत्न कुणी केला असेल, फसला असेल तरी, जरूर लिहून कळवा. फसलेल्यातूनही आम्हाला शिकायचं आहे.